फटफटीचा चिमटा बदलताना

फटफटी आता गावोगाव झाली आहे. डेअरीला दूध न्यायचे, बाजार करायचा, पाहुण्याला एस.टी.वर सोडायचे, सगळे तिच्यावरच. काही हौशी तरुण गाडीचे रूपही बदलतात. हँडल उंच करतात. पुढचा चिमटा लांब बसवतात. गाडी ऐटदार दिसते खरी, पण चिमटा ही शोभेची वस्तू नव्हे. पुढचे चाक त्याच्याच आधाराने असते. मोडक्या चिमट्याच्या जागी दुसरा घेताना काय पाहावे, ते आम्ही इथे सांगतो.

चिमट्याचे काम

सायकलला असतो तसाच दोन पायांचा चिमटा फटफटीला असतो. मिस्त्री त्याला फोर्क म्हणतात. सायकलचा चिमटा ताठ असतो, फटफटीचा खालीवर होतो. त्याच्या प्रत्येक पायात वर एक गुळगुळीत नळी असते. ती खालच्या जाड नळीत सरकते. आत स्प्रिंग असते आणि तेल असते. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि मग उसळते. तेल बारीक भोकांतून अडत अडत जाते, म्हणून उसळी आवरली जाते. तेल गळून गेले तर गाडी उड्या मारू लागते. जर्मनीतील बी.एम.डब्ल्यू. कंपनीने 1935 साली असा तेलाचा चिमटा आपल्या गाडीला बसवला. पुढे ती रीत जगभर पसरली.

नाव नको, माप पाहा

दुकानात नुसते गाडीचे नाव सांगू नका. नाव एक असून माप दोन असू शकते. रॉयल एनफिल्डच्या जुन्या क्लासिक 350 ची नळी 35 मिलिमीटर जाड होती. 2021 साली याच नावाची नवी गाडी आली. तिची नळी 41 मिलिमीटर आहे. एकीची नळी दुसरीला बसत नाही. म्हणून गाडीचे साल सांगा आणि जुनी नळी सोबत न्या. जाडी, लांबी आणि चाकाच्या दांड्याची जाडी मोजून घ्या.

ब्रेकही पाहा. डिस्क ब्रेक असेल तर तो बसवायला चिमट्यावर जागा हवी. ड्रम ब्रेक असेल तर त्याची ताटली अडकायला खाच हवी. ती अडकली नाही तर ब्रेक दाबताच ताटली चाकाबरोबर फिरेल. मग चाक अडकून माणूस पडेल.

लांब बरा की आखूड?

मूळचा असेल तेवढाच बरा. चिमटा लांब केला की गाडीचे तोंड वर जाते. चाक पुढे सरकते. हळू चालवताना हँडल जड होते, वळायला जागा जास्त लागते. शिवाय पहार जितकी लांब, तितका टेकूवर जोर जास्त. तसाच ब्रेक दाबल्यावर गाडीच्या मानेवर जोर येतो. चिमटा आखूड केला तर उलटे होते. हँडल फार हलके होते आणि वेगात डगमगू लागते.

अमेरिकेत लांब चिमट्याच्या गाड्यांना चॉपर म्हणतात. 1969 सालच्या ‘ईझी रायडर’ या सिनेमाने त्या जगभर माहीत झाल्या. पण जाणते कारागीर तिथे नुसता चिमटा लांब करीत नाहीत. सांगाड्याच्या मानेचा तिरपेपणाही ते हिशेबाने ठरवतात.

आपल्याकडे कायद्याचीही बाब आहे. मोटार वाहन कायदा 1988 सालचा आहे. त्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ घडणीशी जुळेनासा होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. मूळ मापाचा भाग घालायला मात्र आडकाठी नाही.

जुना माल घेताना

भंगारातला चिमटा स्वस्त मिळतो. तो नीट पारखून घ्या.

1. नळी सपाट काचेवर लोळवा. खाली उजेडाची फट कमीजास्त दिसली तर नळी वाकलेली आहे.
2. नळीवर बोट फिरवा. गंजाचे खड्डे लागले तर घेऊ नका. ते तेलाचे सील फाडतात. तेल गळून ब्रेकवर आले तर ब्रेक लागत नाही.
3. जोड दिलेला, वेल्डिंग केलेला चिमटा फुकट मिळाला तरी नको.
4. दोन्ही नळ्या एकाच मापाच्या घ्या.

बसवल्यावर

दोन्ही पायांत कंपनीच्या पुस्तकात दिले आहे तेवढेच तेल घाला. दोन्ही नळ्या वर सारख्या उंचीवर कसा. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहा. कुठे अडता कामा नये आणि ब्रेकची तार ताणता कामा नये. मग पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढेमागे ढकला. खटखट वाजले तर गाडी मिस्त्रीला परत दाखवा. सगळे ठीक असेल तर आधी मोकळ्या रस्त्यावर एकट्याने, हळू चालवून पाहा. बायकोमुलांना मागे बसवायचे ते त्यानंतर.