वस्तऱ्याची धार

घरातली जुनी पेटी उघडली, की कधी कधी आजोबांचा वस्तरा हाती लागतो. त्याच्या पात्यावर इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. जर्मनीत सोलिंगेन नावाचे शहर आहे. इंग्लंडात शेफील्ड आहे. तिथले वस्तरे आपल्या देशात येत.

पूर्वी परभणी भागात गावचा वारीक दाढी करी. त्याबद्दल त्याला खळ्यावर ज्वारीचे बलुते मिळे. पण तो सगळ्यांची दाढी करत नसे. अस्पृश्य मानलेल्यांना तो वस्तरा लावत नसे. ती माणसे एकमेकांची दाढी करत, वस्तराही आपणच पाजवत. १९५० साली आपली घटना लागू झाली. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद केली.

आता हा जुना वस्तरा घरी कसा पाजवावा, ते पाहू.

आधी वस्तरा पाहून घ्या

पाते उजेडात धरा. त्याला तडा असेल, किंवा धारेवर गंजाचे खड्डे असतील, तर तो वस्तरा वापरू नका. मग धार वर करून नीट पाहा. तिच्यावर चकाकणारी रेघ दिसली, तर ती बोथट आहे. चांगली धार इतकी बारीक असते, की तिच्यावर उजेड चमकत नाही.

दगड कोणता?

विळ्या-खुरप्याचा दगड इथे चालत नाही. तो खरबरीत असतो. त्याने धारेला दाते पडतात. खुरप्याला ते चालतात, गालाला चालत नाहीत. वस्तऱ्याला गुळगुळीत, बारीक कणांचा आणि अगदी सपाट दगड हवा. यंत्राच्या फिरत्या चाकावर वस्तरा कधी धरू नका. चाकावर पाते तापते आणि पोलादाचे पाणी उतरते. मग धार टिकत नाही.

पाजवायची रीत

दगड ओला करा. वस्तरा त्यावर आडवा ठेवा. पात्याची पाठ आणि धार, दोन्ही दगडाला टेकली पाहिजेत. पाठ उचलू नका. आता धार पुढे ठेवून वस्तरा सरकवा. टोकाला गेल्यावर पाठीवरून उलटवा आणि तसाच परत आणा. दोन्ही बाजूंना सारखेच हात द्या. जोर लावू नका. जोर लावला, की बारीक धार वळते. वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरे.

नंतर चामड्याचा पट्टा घ्या. तो ताणून धरा. इथे रीत उलटी आहे. पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे. धार पुढे केली, तर पट्टा कापला जातो. दाढी करण्याआधी दर वेळी पट्ट्यावर वीस-पंचवीस हात द्यावेत. रोज दगड लागत नाही.

धार बोटाने पाहू नका. हातावरचा केस सहज तुटला, तर धार आली. काम झाल्यावर पाते धुऊन कोरडे करा. त्याला शिलाई मशीनचे थोडे तेल लावा. वस्तरा मुलांच्या हाती लागणार नाही, असा ठेवा.

एक वस्तरा, एक माणूस

ही गोष्ट सगळ्यांत मोठी आहे. दाढी करताना बारीक जखमा होतात. त्या डोळ्यांना दिसतही नाहीत. वस्तऱ्याला लागलेल्या रक्तातून 'ब' प्रकारची कावीळ आणि एड्सचे विषाणू दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकतात. नुसते पाण्याने धुऊन ते जातातच असे नाही. म्हणून बापाचा वस्तरा लेकाने वापरू नये, भावाचा भावाने वापरू नये. दुकानात गेलात, तर नवे पाते लावायला सांगा. तसे सांगण्यात संकोच कसला? तो आपला हक्क आहे.

पहिल्याच दिवशी धार येणार नाही. गावात एखादा जुना, जाणता वारीक असेल, तर त्याच्यापाशी बसा. त्याचा हात कसा हलका चालतो, ते पाहा. बघता बघता आपलाही हात बसेल.