दुखणे आणि घास

कॅन्सरचे उपचार संपले की माणूस घरी येतो. आमच्या भिंगारातून कोणी बार्शीला जातो, कोणी मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात. ते रुग्णालय १९४१ सालचे. तिथे शस्त्रक्रिया होते, किरणांचा शेक देतात, शिरेतून औषध देतात. घरी आल्यावर शेजारीपाजारी भेटून जातात. पुढचे महिने मात्र घरच्यांनाच काढायचे असतात. त्यात दोन कामे मोठी. दुखणे आवरणे, आणि पोटात अन्न जाणे.

ही दोन कामे एकमेकांना बांधलेली आहेत. तंबाखू, मिश्री, गुटखा यांच्यामुळे आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर फार. तोंडाला शेक दिला की आतून सोलते. लाळ सुकते. गिळताना डोळ्यांत पाणी येते. मग माणूस ताट सरकवतो. घरचे म्हणतात, "अहो, दोन घास तरी खा!" तो काही हट्ट करत नसतो. त्याला दुखते. अन्न गेले नाही की वजन उतरते, जखम लवकर भरत नाही, आणि पुढचा उपचार झेपत नाही.

म्हणून आधी दुखणे पाहावे. आपल्याकडे सोसणाऱ्याचे कौतुक होते, बायकांचे तर जास्तच. घरातली बाई विचारले तरी "बरं आहे" म्हणते. आम्हाला हे कौतुक पटत नाही. न सांगितलेल्या दुखण्यावर डॉक्टर काय देणार? "दहापैकी किती दुखतंय?" असे रोज विचारावे. जुनी माणसे आण्यांत सांगतील. तेही चालेल.

गोळी घड्याळावर द्यावी. कळ फार वाढल्यावर दिली तर ती लवकर आवरत नाही. दर सहा तासांनी सांगितली असेल, तर बरे वाटत असतानाही द्यावी. एक गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी येईल, अशा वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. तुम्हाला आता लिहिता येते. भिंतीवर कागद लावा. त्यावर तारीख, वेळ, दुखणे किती ते लिहा. आठवड्याला वजन लिहा. तो कागद डॉक्टरांना दाखवा.

साध्या गोळीने भागले नाही तर डॉक्टर मॉर्फिन देतात. ते अफूपासून होते, म्हणून लोक घाबरतात. कोणी म्हणतो व्यसन लागेल, कोणी म्हणतो आता शेवट आला. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या मापाने घेतले तर व्यसनाची भीती फार थोडी. शेवट आला असाही त्याचा अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच कॅन्सरच्या दुखण्यावर ते द्यायला सांगितले. आपल्या सरकारने २०१४ साली कायदा बदलून ते मिळणे सोपे केले. त्याने शौचाला घट्ट होते, त्याचेही औषध सोबत मागावे. मॉर्फिन आपल्या मनाने वाढवू नये, एकदम बंदही करू नये. मुलांच्या हाती लागू देऊ नये.

आता खाणे. ताटभर वाढू नये. दिवसातून सहा वेळा थोडे थोडे द्यावे. मऊ, कोमट, बिनतिखट. मुगाची मऊ खिचडी तूप घालून, दुधातली नाचणीची पेज, दुधात कुस्करलेली भाकरी, दहीभात, उकडलेले अंडे कुस्करून. अन्न ताजे असावे, पाणी उकळून गार केलेले. ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरावी. ते पाणी गिळू नये.

या दिवसांत एकादशी, चतुर्थी राहू द्यावी. देव रागावत नाही. कोणी जडीबुटी आणली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. शिरेतल्या औषधाच्या दिवसांत ताप १००.४ च्या वर गेला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

शेकानंतर जिभेची चव परत यायला कधी काही महिने लागतात. तोवर आमटी अळणी लागली म्हणून सुनेवर रागावू नये. मीठ तिने बरोबरच घातलेले असते.