भिंतीआडच्या नळ्या आणि अधिकाराचा घोळ

सांडपाण्याची नळी किती व्यासाची असावी, पिण्याच्या पाण्याची टाकी मैलावाहिनीपासून किती दूर असावी, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? प्रश्न रुक्ष खरा. पण थेरगावच्या नागरिकाला तो नळ उघडताना रोज भेटतो. निदान ज्या दिवशी पाणी येते त्या दिवशी तरी!

या गावाचे दैव असे की, त्याला धनी अनेक लाभले. १९७२ साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाच्या हद्दीत गावाची काही जमीन गेली; १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. एका गावात दोन कचेऱ्या, आणि परवानगीवाचून उठलेली घरे दोहोंच्या डोळ्यांदेखत वाढली. जून २०२१ मध्ये प्राधिकरणाचे विलीनीकरण झाले, विकसित भाग महापालिकेकडे आला, हे इष्टच झाले. मात्र भिंतीत गाडलेल्या नळ्यांचे विलीनीकरण होत नसते!

नियमांचा तुटवडा आहे असे नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने एकत्रित नियमावली लागू केली. नळकामापुरती ती राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या नवव्या भागाचा आधार घेते. ही संहिता प्रथम १९७० साली निघाली व भारतीय मानक ब्युरोने २०१६ साली सुधारली. परंतु ती मुळात शिफारस आहे, स्थानिक नियमांनी स्वीकारल्यावरच तिला कायद्याचे बळ येते. शिवाय औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र एकत्रित नियमावलीतून वगळलेले आहे. म्हणजे कामगार दिवसा एका नियमाखाली पाणी पितो व रात्री दुसऱ्या.

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने इमारतींचे नियमन नगरसंस्थांच्या विषयांत घातले, तेव्हा सर्वच नियम महापालिकेने करावेत, असे कोणी म्हणतील. आम्हांस हे मान्य नाही. दूषित पाणी उलटे नळात शिरते ते नागपुरात आणि थेरगावात एकाच रीतीने. तांत्रिक मानक ब्युरोचेच असावे, व राज्याने ते औद्योगिक क्षेत्रासह सर्वत्र बंधनकारक करावे.

स्थानिक परिस्थिती मात्र दिल्लीस बसून कळत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये येथे दिवसाआड पाणी देण्यास प्रारंभ झाला. अशा वेळी रिकाम्या नळीतील दाब उतरतो, सैल सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते, आणि कोणी थेट नळाला पंप जोडला तर ती ओढ दुणावते. टाकीचा आकार व नळजोडाची तपासणी येथील पुरवठ्याशी जुळवून ठरविणे, हे महापालिकेचेच काम होय.

आणि ते काम कागदावर उरकू नये. नळ्या भिंतीत बुजविण्यापूर्वी त्यांची दाबचाचणी महापालिकेच्या अभियंत्यासमक्ष व्हावी, त्याची स्वाक्षरी नकाशावर राहावी, आणि तीवाचून भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये, अशी आमची मागणी आहे.