पेटी, ऑर्गन आणि रविवारचा क्रम

बोस्टन शहरातला टॉमस ब्रॅटल हा सधन आणि संगीताची हौस असलेला गृहस्थ 1713 साली वारला. ज्या चर्चच्या उभारणीत त्याचा हात होता, त्या ब्रॅटल स्ट्रीट चर्चला त्याने मृत्युपत्रात आपला ऑर्गन देऊन टाकला होता. चर्चच्या मंडळींनी विचार केला आणि तो नाकारला. देवाच्या सार्वजनिक उपासनेत असले वाद्य वाजवणे त्यांना उचित वाटेना. ब्रॅटलला आपली माणसे ठाऊक असावीत, कारण त्यांनी नाकारल्यास ऑर्गन किंग्ज चॅपल या अँग्लिकन चर्चला द्यावा, अशी सोय त्याने आधीच करून ठेवली होती. तिकडे मात्र ऑर्गन वाजू लागला.

ऑर्गन नाकारणारी ही मंडळी काँग्रिगेशनल पंथाची. बरोबर शंभर वर्षांनी, 1813 साली, त्याच परंपरेतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत दाखल झाले आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. मधल्या काळात अमेरिकेतला विरोध मावळला होता. पुढे मराठी मंडळ्यांत पायपेटी आली, कुठे कुठे मोठा ऑर्गनही आला. आज या मंडळ्यांतल्या एखाद्या वयस्क सभासदाला विचारले, तर ऑर्गनचा सूर हाच त्याला उपासनेचा खरा सूर वाटतो. गिटार आणि ड्रम घेऊन पुढे सरसावणारा तरुण संघ त्याला पोरकट वाटतो. बोस्टनच्या त्या नकाराची हकिकत त्याच्या कानावर आलेली असण्याचा संभव कमीच.

रविवारची उपासना बाहेरून पाहणाऱ्याला अगदी ठरीव वाटते. प्रारंभीची प्रार्थना, गीत, पापांगीकार, शास्त्रवाचन, उपदेश, अर्पण, आशीर्वाद. महिन्यातून एकदा किंवा ठरलेल्या रविवारी प्रभुभोजन. पण हा क्रम आखणाऱ्या पाळकासमोर दर आठवड्याला बरेच प्रश्न असतात. गीते कोणती घ्यायची आणि ती कोणत्या चालीवर? ती पुस्तकातून म्हणायची की पडद्यावर दाखवायची? शास्त्रवाचन वडीलधाऱ्यांनी करायचे की शब्बाथशाळेतल्या मुलीला पुढे बोलवायचे? उपदेश वीस मिनिटांचा की पाऊण तासाचा? पाळकाच्या स्वतःच्या आवडीनिवडीचाही प्रश्न असतोच, कारण मोकळे सोडले तर बरेचसे उपदेशक आपल्या लाडक्या पाच-सात उताऱ्यांभोवतीच घोटाळत राहतात. यावर चर्चच्या परंपरेने काढलेला तोडगा म्हणजे वाचनांचे वेळापत्रक. कॅथलिक चर्चने 1969 मध्ये तीन वर्षांचे चक्र आणले. एका वर्षी प्रामुख्याने मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. त्याच धर्तीवर अनेक प्रॉटेस्टंट चर्चेसनी मिळून तयार केलेले चक्र 1992 मध्ये प्रसिद्ध झाले. उतारा आधीच ठरलेला असल्याने पाळकाला नावडत्या पानाकडेही वळावे लागते. वादाचा निम्मा भाग इथेच मिटतो.

उरलेला निम्मा भाग गाण्याचा, आणि तो सहसा मिटत नाही.

मराठी मुलखात हा प्रश्न चारशे वर्षांचा आहे. गोव्यात 1579 साली आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले आणि 1616 साली ते रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ का लिहिला, याचे कारण ग्रंथातच प्रसंगरूपाने आले आहे. जुनी पुराणे आता वाचायची नाहीत, तर मग आमच्यासाठी दुसरी का रचत नाही, असे नवख्रिस्ती श्रोता विचारतो. म्हणजे मंडळीची आवड समोरून मांडली गेली आणि पाद्र्याने ती ऐकली. हे पुराण गोव्यातल्या चर्चमध्ये रविवारी आणि सणासुदीला वाचले जाई. वेदीवरची मिस्सा मात्र लॅटिनमध्येच राहिली. शास्त्रशुद्ध विधी एका भाषेत आणि मनाला भिडणारे आख्यान दुसऱ्या भाषेत, अशी ही वाटणी होती. एकाच्या बदल्यात दुसरे काढून न घेतल्यामुळेच ती चालली असावी.

एकोणिसाव्या शतकात अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. मिशनऱ्यांनी आपल्याकडची इंग्रजी गीते मराठीत आणली ती मूळ चालींसकट. शब्द मराठी, पण आघात इंग्रजी. गाताना ऱ्हस्व-दीर्घाची पार दैना व्हायची. 1860च्या दशकात कृष्णाजी रत्नाजी सांगळे आणि त्यांच्या सोबत्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग केला. पूर्वरंग-उत्तररंग, पदे, साक्या, दिंड्या, टाळ आणि येशूचे आख्यान. खेड्यापाड्यांत हा प्रकार रुजला.

नंतर आले नारायण वामन टिळक. जन्म 1861, बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत, मृत्यू 1919. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. त्यांनी अभंग, भजने आणि पदे अशी शेकडो गीते लिहिली. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांचा वाटा सर्वांत ठळक आहे. गंमत अशी की त्याच पुस्तकात भाषांतरित इंग्रजी गीतेही ठाण मांडून आहेत. एका रविवारी टिळकांचा अभंग टाळ-तबल्यावर आणि त्यानंतर लगेच चार आवाजांत बांधलेले पाश्चात्त्य गीत, हा अनुभव मराठी ख्रिस्ती माणसाला नवा नाही. पंथोपपंथांच्या परिषदांना जे साधले नाही, ते एका गीतपुस्तकाने बरेचसे साधले.

आता 'देशी' म्हणजे काय, हाही प्रश्न आहेच. पेटीचेच पाहा. हार्मोनियमचे पेटंट 1840च्या दशकात पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ याने घेतले. ती भारतात आली ती साहेबांच्या आणि मिशनऱ्यांच्या सामानातून. पुढे तिचे हातपेटीत रूपांतर झाले आणि ती भजनीमंडळात जाऊन बसली. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली परकी म्हणून तिच्यावर घातलेली बंदी तीन दशके टिकली. पायांनी भाता मारायचा ऑर्गन तर संगीत नाटकांनी इतका आपलासा केला की, बालगंधर्वांच्या पदांना त्याची साथ नसणे रसिकांना चमत्कारिक वाटले असते. चर्चमध्ये मात्र पेटी म्हणजे देशी आणि ऑर्गन म्हणजे विलायती, अशी फाळणी पक्की झाली.

त्याहून टोकदार प्रश्न असा : देशी, पण कुणाचे? अहमदनगर परिसरातल्या मंडळ्यांमध्ये बहुसंख्य कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आलेली होती. टिळक चित्पावन ब्राह्मण. त्यांचे मराठी लोभस आणि अभंग तर सर्वांचाच, तरीही संस्कृतप्रचुर पदांपेक्षा हलगी-ढोलकीचा ठेका आणि जात्यावरच्या ओवीची चाल ज्यांच्या रक्तात होती, त्यांची आवड गीतपुस्तकाच्या समितीत कितीशी पोहोचली असेल? 1980च्या दशकाच्या आरंभी जालन्याकडचे अरविंद निर्मळ यांनी बंगळुरूच्या धर्मशास्त्र महाविद्यालयातून दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी सुरू केली. भारतीय ख्रिस्ती विचार म्हणजे ब्राह्मणी परंपरेशी संवाद, असे समीकरण का झाले, हा त्यांचा सवाल होता. उपासनेचा क्रम आखणाऱ्यांनाही तो तितकाच लागू पडतो.

कॅथलिक चर्चमध्ये हाच वाद मोठ्या प्रमाणावर झाला. 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषांना दार उघडले. या दस्तऐवजात एका कलमात स्थानिक संगीतपरंपरांना योग्य मान देण्यास सांगितले आहे, आणि लगेच पुढच्या कलमात पाइप ऑर्गनचा गौरव केला आहे. दोन्ही गट एकाच पुस्तकाची शेजारची पाने दाखवत भांडू शकतील, अशी ही सोय! भारतासाठी 25 एप्रिल 1969 रोजी रोमने बारा बदलांना मान्यता दिली. चपला काढून जमिनीवर बसणे, गुडघा टेकण्याऐवजी अंजलिहस्ताने वाकून नमन, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाची समई, धर्मगुरूच्या झग्यावर शाल, आरती. बंगळुरूच्या राष्ट्रीय केंद्रातून फादर अमलोरपवदास यांनी हे हिरिरीने मांडले. विरोध उठला तो मुख्यतः कॅथलिक भाविकांतूनच. पिढ्यान्‌पिढ्या मेणबत्ती, सूट आणि लॅटिन स्तोत्र हीच ज्यांची ओळख, त्यांना आरतीत आपलेपणा दिसेना. वरून आलेला हुकूम दिसला. बदल वाईट होते असे नाही. ते सांगण्याची घाई नडली.

वसईत लोकभाषेचा बदल मात्र तुलनेने सहज पचला. तिथल्या कॅथलिक समाजाला आरंभापासून मराठीची सवय होती. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलायची आणि मिस्सेला प्रमाण मराठी. ज्या समाजातून 'सुवार्ता' मासिक निघते आणि ज्या समाजातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तिथे मराठी मिस्सा ही कुणी लादलेली गोष्ट वाटण्याचे कारण नव्हते. मुंबईच्या अनेक धर्मग्रामांनी सोपा मार्ग काढला : सकाळी एक मिस्सा इंग्रजीत, दुसरी कोंकणीत किंवा मराठीत, संध्याकाळी पुन्हा इंग्रजीत, कुठे तमिळ.

वेळ वाटून देणे हा जगभरचा लोकप्रिय तोडगा आहे. अमेरिकेत 1980 आणि 90च्या दशकांत ऑर्गनवाले आणि गिटारवाले यांच्यात इतकी जुंपली की त्या भांडणाला थेट 'उपासना-युद्ध' असे नाव पडले. पुष्कळ चर्चेसनी साडेआठला पारंपरिक आणि अकराला आधुनिक अशा दोन उपासना सुरू केल्या. भांडण थांबले, पण बरोबरच आजीआजोबा आणि नातवंडे एकमेकांना दिसेनाशी झाली. भाषा वेगळी असेल तर दोन वेळांना पर्याय नाही. केवळ चाल आवडत नाही म्हणून मंडळी दुभंगणे मात्र सोयीच्या नावाखाली हार पत्करणेच आहे. आधी वीस मिनिटे उभे राहून कीबोर्डवर स्तुतिगीते आणि मग पुस्तकातली जुनी गीते, हा अनेक मराठी मंडळ्यांनी पत्करलेला मिश्र क्रम थोडा ओबडधोबड असला, तरी त्यात सगळ्यांना एकत्र बसावे लागते आणि एकमेकांची गाणी नाइलाजाने का होईना, पाठ होतात.

मतभेद पोटात घेण्याचा सर्वांत धाडसी नमुना मराठी वाचकाच्या अंगणातच घडला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा चर्चेसनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना केली. त्यांत अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेतले होते, आणि बाप्टिस्टही होते. एक बाजू तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करणारी. दुसरी, विश्वासाची कबुली स्वतः दिल्याशिवाय बाप्तिस्माच नाही असे मानणारी. हा प्रश्न चालीचा किंवा वाद्याचा नव्हता, मूळ श्रद्धेचा होता. तोडगा असा निघाला की दोन्ही रीती मान्य, आणि बालबाप्तिस्मा ज्याच्या सदसद्विवेकाला पटत नाही त्या पाळकावर सक्ती नाही. अमेरिकी परंपरेतले मेथॉडिस्ट चर्च मात्र त्याच वर्षी ऐनवेळी बाहेर पडले. वर्षानुवर्षांच्या वाटाघाटींनंतरही सगळे येतातच असे नाही.

प्रत्येक आवड सांभाळायचीच, असाही नियम करता येत नाही. तमिळनाडूत वडक्कनकुळम इथे वेल्लाळ आणि नाडार ख्रिस्ती एकत्र बसायला तयार नव्हते. म्हणून 1872 साली दोन सभामंडपांचे एक चर्च बांधण्यात आले. वेदी एक, समोर दोन तिरक्या बाजू आणि मध्ये भिंत. दोन्ही गट खूश होते. ती भिंत 1910 साली पाडली, तेव्हा मोठा कज्जा झाला. बसण्याच्या जागेची मागणी वरकरणी निरुपद्रवी दिसते. तिच्या मुळाशी काय आहे ते पाहायचे काम नियोजन करणाऱ्याचेच.

केरळातला सीरो-मलबार चर्चचा तंटा याउलट अगदी बारीक वाटणाऱ्या बाबीवरून पेटला : मिस्सेच्या वेळी धर्मगुरूने लोकांकडे तोंड करायचे की वेदीकडे? धर्मसभेने सुचवलेला मध्य असा की, वाचने-उपदेश लोकांकडे तोंड करून आणि अर्पणविधी वेदीकडे. 2021 मध्ये तो सर्वत्र लागू करायचे ठरताच एर्नाकुलम-अंगमाली महाधर्मप्रांतातले बहुतेक धर्मगुरू आणि भाविक विरोधात गेले. 2022च्या अखेरीस तिथले कॅथेड्रल हाणामारीमुळे बंद करावे लागले. 2025च्या जुलैपासून तडजोड लागू झाली ती अशी : रविवारी प्रत्येक चर्चमध्ये किमान एक मिस्सा नव्या एकरूप पद्धतीने. कागदावर समतोल असलेला मध्यममार्ग लोकांना न विचारता लादला, की तोही एक पक्ष होऊन बसतो. याच चर्चचा कल्याण धर्मप्रांत 1988 पासून महाराष्ट्रातल्या मल्याळी कुटुंबांसाठी काम करतो, त्यामुळे या तंट्याच्या बातम्या ठाणे-मुंबईतही चवीने वाचल्या गेल्या.

दिवाळी अंक हाती येतो त्याच सुमारास मंडळ्यांत नाताळच्या बैठका सुरू होतात. नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या आरंभी आगमनकाळाचा पहिला रविवार, त्याआधी कॅरल्सच्या तालमी. 24 डिसेंबरची उपासना खरोखर मध्यरात्री ठेवायची की आधी उरकायची, हा त्यातला नेहमीचा विषय. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. त्यामुळे आवारात मांडव घालणारी मुंबईतली अनेक चर्चेस मिस्सा अलीकडे घेतात. वृद्धांना आणि लहान मुलांच्या आयांना ते बरे पडते. तरुण संघाला बाराचा ठोका हवा असतो. मग कुठे मांडवातली उपासना लवकर आणि बाराला आत, बंद दारांमागे, माइकशिवाय छोटी प्रार्थना असे ठरते. कुठे पुढच्या बैठकीची तारीख ठरते.