संगणकाला वाचता येईल असे मराठी

अमरावती जिल्ह्यात १८८१ मध्ये जन्मलेल्या संत गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली, तरी शंभराहून अधिक ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. मात्र ग्रंथ वाचून दाखवणारे आणि सांगितलेले उतरवून घेणारे कोणीतरी त्यांच्याजवळ असावे लागे. दृष्टिहीन विद्यार्थ्याचे हे परावलंबन कमी करण्याची ताकद आज माहिती तंत्रज्ञानात आहे, परंतु ती प्रत्यक्षात उतरणे हे यंत्रापेक्षा मजकूर तयार करणाऱ्यावर अधिक अवलंबून असते.

पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला ‘स्क्रीन रीडर’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ पासून विकसित केलेला ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो आणि मराठीही वाचतो, त्यामुळे विंडोजवर चालणारा साधा संगणक असलेल्या कोणत्याही शाळेला तो वापरता येतो.

खरी अडचण फॉन्टमध्ये आहे. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतंत्र संकेतांक असतो. उलट कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये संगणक रोमन अक्षरेच साठवतो आणि त्यांना फक्त देवनागरी रूप चढवतो. अशा फॉन्टमध्ये टंकलेला ‘शाळा’ हा शब्द डोळ्यांना बिनचूक दिसतो, पण स्क्रीन रीडरच्या लेखी तो ‘के, के, जी, के’ अशा असंबद्ध अक्षरांचा पुंजका असतो. छापील पानाचा फोटो काढून बनवलेल्या पीडीएफची गतही तीच, कारण त्यात अक्षरे नसून केवळ चित्र असते.

गरजा अपंगत्वागणिक बदलतात. कर्णबधिर विद्यार्थ्याला चित्रफितीखाली लिखित संवाद किंवा सांकेतिक भाषेतील निवेदन लागते. हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्याला माऊसविना, केवळ कीबोर्डवर किंवा आवाजाने काम करता यावे लागते. तर नकाशा, आलेख व आकृती यांच्यासोबत त्यांचे थोडक्यात शब्दवर्णन दिले, तरच ते सारे दृष्टिहीनापर्यंत पोहोचते.

या सोयी मागण्यास कायद्याचा आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य व साहाय्यक उपकरणे मोफत मिळाली पाहिजेत. स्वामित्व हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने पुस्तकांचे सुलभ स्वरूपात रूपांतर करण्याची मुभा दिली, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला.

साधने मिळाल्यास काय घडते, याचा दाखला वऱ्हाडातच आहे. परतवाड्याजवळील वझ्झर येथे पद्मश्री शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ दिव्यांगांसाठी चालवलेल्या आश्रमात वाढलेली एक दृष्टिहीन तरुणी ब्रेल आणि ध्वनिपुस्तकांच्या आधारे अभ्यास करून २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली.

अशी साधने घडवू शकणारे हातही याच भागात आहेत. बडनेऱ्यात १९८३ पासून प्रा. राम मेघे तंत्रज्ञान व संशोधन संस्थेत अभियंते घडत आहेत. उद्याची शैक्षणिक अ‍ॅप्स आणि प्रवेश अर्जांची संकेतस्थळे असेच विद्यार्थी तयार करणार असल्याने, माऊस बाजूला ठेवून व पडदा बंद करून आपला प्रकल्प एकदा वापरून पाहण्याची सवय त्यांना शिकतानाच लागली पाहिजे. तयार झालेली प्रणाली नंतर दुरुस्त करत बसण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते. शिक्षकांना आणि शाळेच्या कार्यालयांना तर एवढीही वाट पाहण्याचे कारण नाही. पुढची सूचना, पुढच्या नोट्स आणि पुढची प्रश्नपत्रिका त्यांनी युनिकोडमध्ये टंकावी. त्यासाठी निधी लागत नाही आणि वरिष्ठांची मंजुरीही लागत नाही.