मक्याच्या कणसातील रिकामी घरे

शेतकरी मंडळी आणि गुरुजनहो, मक्याचे कणीस सोलताना कधी नीट पाहिलेत का? एखादे दाण्यांनी गच्च भरलेले, तर एखादे म्हाताऱ्याच्या बोळक्यासारखे, मध्येमध्ये रिकामे. बी खोटे निघाले, खत कमी पडले, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण पुष्कळदा दोष तिथे नसतो. त्या घरांत लग्नच लागलेले नसते!

शेंड्याचा तुरा म्हणजे मक्याची नरफुले. कणीस म्हणजे मादीफुले. कणसाचे केस घेऊन पोरे मिशा लावतात, पण तो खरा नवरीचा साज. एकेक केस आत एकेका अंडाशयाला जोडलेला असतो, आणि त्यात एकच बीजांड.

बीजांड म्हणजे दाण्याआधीचा दाणा. त्याच्याभोवती दोन आवरणे, आणि एका टोकाला बारीक भोक, ते बीजांडद्वार. आत एक पिशवी असते, तिला भ्रूणकोश म्हणतात. तिच्यात दाराशी अंडपेशी बसलेली, आणि मध्ये दोन केंद्रकांची मोठी मध्यपेशी.

वाऱ्यावर आलेला परागकण केसाला चिकटतो आणि तिथे जणू रुजतोच. त्याची नळी केसाच्या आतून, कधी वीतभर वाट कापीत, साधारण दिवसाभरात बीजांडाशी पोचते. तिच्यातून दोन नरपेशी येतात. एक अंडपेशीला मिळते, त्यातून रोपाचा गर्भ होतो. दुसरी मध्यपेशीला मिळते, त्यातून पिठूळ गर, म्हणजे आपली भाकरी! हे दुहेरी मीलन सेर्गेई नावाशिन या रशियन शास्त्रज्ञाने १८९८ साली लिलीच्या कुळातल्या फुलांत दाखवून दिले.

खरे वाटत नसेल तर पांढऱ्या मक्याशेजारी पिवळा लावून पाहा. त्याच हंगामात पांढऱ्या कणसात पिवळे दाणे दिसतील. गरातही बापाचा वाटा असतो, तो असा.

आता रिकाम्या घरांचे. ऐन केस फुटताना पाणी तुटले, की केस उशिरा निघतात आणि तोवर तुऱ्यातला पराग झडून गेलेला असतो. ती पाळी काही झाले तरी चुकवू नका. बांधाकडेने एकच ओळ लावली, तर पराग वारा भलतीकडेच नेतो. त्यापेक्षा चारसहा ओळी शेजारीशेजारी घ्या.

गुरुजी, वर्गासाठी एक सोपा प्रयोग आहे. केस फुटून आठवडा झालेले कणीस आणा, पाने हलक्या हाताने सोडवा आणि कणीस हळूच झटका. फलन झालेल्या बीजांडाचे केस गळून पडतात. न झालेल्यांचे तसेच चिकटून राहतात. ते मुलांना मोजू द्या.