गृहपाठ मुलाचा, हात पालकांचा

मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, कापडाचे थान बाजारात जाण्याआधी तपासले जाते. तुटलेला तार किंवा तेलाचा डाग घडीत दडवून माल पाठवला तर माल परत येतो आणि पतही जाते. धंद्यात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मुलांच्या तालमीत मात्र आपण नेमके हेच करीत आहोत.

गणित मुलाचे, उत्तर आईचे. चित्र मुलीचे, रंग वडिलांचे. प्रकल्प तर स्टेशनरीच्या दुकानातून तयारच येतो. आईवडील उर्दू शाळेत शिकलेले आणि मूल इंग्रजी शाळेत, अशा घरांत हे काम ट्यूशनवाल्या बाईंकडे नाहीतर थोरल्या बहिणीकडे जाते. भावाची वही पुरी करताना त्या मुलीचा स्वतःचा अभ्यास मागे पडतो, त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

यामागे माया आहे, हे आम्ही जाणतो. आपल्याला जे मिळाले नाही ते औलादीला मिळावे, तिच्या वहीत लाल रेघ नसावी, असे कोणाला वाटत नाही? परंतु शिक्षकाला ती चूकच दिसायला हवी. मुलाला हातच्याची वजाबाकी कळली नाही, हे चुकलेल्या उत्तरावरूनच समजते. घरून बरोबर उत्तर आले की शिक्षक पुढच्या धड्याकडे वळतात आणि कच्चेपणा तसाच राहतो.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हा आठवीपर्यंत कोणाला त्याच वर्गात ठेवायचे नाही, अशी तरतूद होती. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीला परीक्षा घेण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये तसा नियम केला. नापास झालेल्याला दोन महिन्यांत पुन्हा संधी मिळते. त्यातही नापास झाला तर तो त्याच वर्गात राहू शकतो. घडीत दडवलेला डाग तेथे उघडा पडतो.

मग पालकांनी हात झटकावेत काय? मुळीच नाही. नव्या कारागिराला तुटलेला तार स्वतः जोडू दिल्याशिवाय त्याचा हात बसत नाही. उस्ताद शेजारी उभा राहतो, गाठ मारून देत नाही. पालकांनीही तसेच करावे. अभ्यासाची वेळ ठरवून द्यावी, टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवावा. "आज काय शिकवले, मला घरच्या भाषेत सांग," असे विचारावे. त्यासाठी इंग्रजी येण्याची गरज नाही. जे जमले नाही ते कोरे सोडून, "हे याला आले नाही," असे वहीत लिहून सही करावी.

दुकान बंद करताना मुलाला विचारावे: साडेसात मीटर कापड, ८४ रुपये मीटर, किती झाले? त्याला कागदावर मांडू द्यावे. ६३० हे उत्तर आपल्या तोंडून येता कामा नये. उशीर झाला तरी चालेल, पण हिशेब त्याचा असावा.